पुष्कराज जिथं, आई तिथं

जेवणाच्या टेबलावर सगळं पिवळं होतं. वरण, बटाट्याची भाजी, पाटवड्या, केशर घातलेला शिरा, शिवाय धाकट्या सुनेनं, ईश्वरीनं, मार्केटमधून आणलेला ढोकळा. लिंबंसुद्धा पिवळी निवडून घेतली होती. चित्रानं वरणावर घालायला कोथिंबीर चिरली, तेव्हा नलिनीबाईंनी ती वाटी उचलून परत फ्रिजमध्ये ठेवली.

“हिरवा रंग बुधाचा,” त्या थोरल्या सुनेला म्हणाल्या. “आज गुरूचं काम आहे. बुधाला काहून बोलावून राहिली मधात?”

गुरूचं काम म्हणजे आईनं पुढे कुठं राहायचं, ते ठरवणं.

मार्चमध्ये नलिनीबाई अंगणात कढीपत्ता तोडताना घसरून पडल्या आणि चार तास तिथंच पडून राहिल्या. वय एकोणऐंशी, घरात एकट्या, शेजारी लुधियानाला लग्नाला गेलेले. हाड मोडलं नाही. मोडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर वाटायचं, कारण प्लास्टर सहा आठवड्यांत निघतं, मुलांची काळजी निघत नाही. थोरला शिशिर चंदीगडच्या सेक्टर १७ मधल्या बँकेत होता. आई शहराबाहेर खरडला त्याच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येणार, असं त्यानं जाहीर केलं. धाकटा सुबोध जुलैअखेर एअर फोर्समधून विंग कमांडर म्हणून निवृत्त झाला. त्याचं सामान शनिवारी ट्रकनं पुण्याला जाणार होतं आणि सामानाच्या यादीत सत्तावीस ट्रंकांच्या खाली ‘आई’ असं लिहिलेलं होतं. सेक्टर ४६ चं हे घर सोडायचं आहे का, हे आईला कोणी विचारलं नव्हतं.

दोन भाऊ चार महिने भांडले. मग एके दिवशी नलिनीबाई म्हणाल्या, “पुष्कराज ठरवेल.”

देवपुजारी घराण्याचा पुष्कराज पिवळ्या मलमलीच्या पुरचुंडीत शिवलेला होता. इतर लोक हा खडा सोन्यात बसवतात. मागून अंगठी उघडी ठेवतात, म्हणजे खडा कातडीला टेकतो, आणि गुरुवारी दुधात धुऊन उजव्या हाताच्या तर्जनीत घालतात. वर्ध्याच्या देवपुजारींची ऐपत खड्यातच संपली होती, सोन्यापर्यंत पोचली नव्हती, म्हणून पुरचुंडी. ती उसवायची नाही, उजेड लागला की तेज उतरतं, असा घरचा नियम. दुसरा नियम असा की पुष्कराज ज्याला लाभेल, घरातली म्हातारी त्याच्याकडे राहते. नलिनीबाईंच्या सासूबाई चौऱ्याहत्तर साली वर्ध्याहून चंदीगडला आल्या त्या पुरचुंडी कमरेला खोचूनच.

लाभतो की नाही, ते तीन रात्रींत कळतं. रोज झोपताना पुरचुंडी वाटीभर पाण्यात बुडवायची, गुरूचं नाव घ्यायचं, पुसून उशीखाली ठेवायची आणि स्वप्न लक्षात ठेवायचं. आधी शिशिरच्या तीन रात्री झाल्या, मग सुबोधच्या. दोघांत बरोबरी झाली तर काय, म्हणून सुबोधनं तिसरं नाव घातलं, शिशिरच्या मुलीचं. रेवा सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलात इंटर्न होती आणि तिच्या तीन रात्री काल संपल्या होत्या.

ती अजून आली नव्हती.

*

स्वयंपाकघरात ईश्वरीनं दार अर्धं लोटलं.

“वहिनी, दादांना स्वप्न पडलं म्हणे.”

“हत्तीचं,” चित्रा म्हणाली.

“खरंच पडलं?”

चित्रानं शिऱ्यावरचं झाकण काढून परत ठेवलं. एकतीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याची बरीच गुपितं पोटात ठेवली होती. त्यांतलं एकही ठेवण्याच्या लायकीचं नव्हतं.

“पुरचुंडी तिन्ही रात्री बँकेच्या लॉकरमध्ये होती,” ती म्हणाली. “घरी हरवेल म्हणाले. लॉकर दोघांच्या नावावर, म्हणून मलाही नेलं. मी रजिस्टरमध्ये सही करून आले.”

ईश्वरीनं सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता. “आमच्याकडे ट्रंक नंबर चौदा. कुलूप लावून. पाण्याचं म्हटलं तर म्हणाले, ओलं कापड ट्रंकेत गेलं की बुरशी धरते. सव्वीस वर्षांत आपल्या एका चादरीला बुरशी लागली नाही.”

“आणि स्वप्न?”

“विमानाचं. काल रात्री बाथरूममध्ये पाठ करत होते.”

बाहेर सुबोध खुर्च्या मोजत होता.

“मी आणखी एक केलंय,” ईश्वरी म्हणाली. “ट्रंकेची किल्ली घेऊन पुरचुंडी सेक्टर २२ च्या सराफाकडे नेली. उसवली नाही हं, वरूनच. त्यानं काट्यावर ठेवली आणि म्हणाला, भाभीजी, ये तो बहुत हल्का है. मग भाषणच दिलं. खरा पुखराज नीलमच्या घराण्यातला, आणि ज्याला टोपाझ म्हणतात तो त्याचा गरीब चुलतभाऊ, दोघांनाही लोक एकच नाव देतात. टोपाझ कठीण असतो, पण नेमक्या जागी ठोका बसला तर सरळ दोन फाका होतात म्हणे. सांभाळून ठेवा म्हणाला.”

“पण हलका का?”

“मी म्हटलं, सिद्ध झालेला खडा हलकाच असतो.”

“असं कुठं लिहिलंय?”

“मला काय माहीत? त्याला गप्प करायचं होतं.”

चित्रानं तिला ढोकळ्याचा एक तुकडा दिला. ही जाऊ आपल्याला आवडते, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं होतं, आणि शनिवारी ट्रक जाणार होता.

“तुला आई हव्यात का गं? खरं सांग.”

“मला चालतील हो. त्यांना तिकडं चालेल का? लोहगावात दिवसभर विमानं मोजत बसतील.”

“आमच्याकडे लिफ्ट बंद पडली की त्या वर आणि कढीपत्ता खाली,” चित्रा म्हणाली.

*

सुबोधनं फाईल उघडली. वर कागद होता: ‘पुष्कराज ज्याला लाभेल त्याच्याकडे आई राहील. निर्णय सर्वांवर बंधनकारक.’ खाली सगळ्यांच्या सह्या. रेवानं व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा पाठवला होता. त्याची प्रिंट काढून जोडली होती. अंगठा कायद्याला चालतो, असं सुबोधचं मत होतं.

“आधी दादा,” तो म्हणाला.

शिशिरनं घसा साफ केला. “मला हत्ती दिसला. पिवळी झूल घातलेला. खरडच्या फ्लायओव्हरवर उभा. दोन्हीकडे जाम. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग सोसायटीत शिरला आणि सोंडेनं लिफ्टचं बटण दाबलं.”

“कितवं?”

“अकरा.”

“लिफ्टमध्ये मावला?”

“स्वप्नात मावतो, यार.”

सुबोधनं ‘मावला’ असं लिहून घेतलं. खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. पण हत्तीची बातमी मंगळवारीच त्याच्या कानावर आली होती, आणि हत्तीसमोर रिकाम्या हातानं बसणं शक्य नव्हतं. सव्वीस वर्षांत तो आईच्या शहरात राहिला तो फक्त शेवटच्या पोस्टिंगची तीन वर्षं, तीही एअर फोर्सच्या क्वार्टरमध्ये. त्याआधी जोधपूर, तेजपूर, सुलूर, आणि दर रविवारी फोनवर तेच वाक्य: मी ठीक आहे, तू जेवला का? ही तीन वर्षं त्याला कमी वाटत होती. पण हे फाईलमध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं, ते कळत नव्हतं.

“माझं स्वप्न,” तो म्हणाला. “पिवळं विमान. पुण्याला उतरलं. आई पुढच्या सीटवर. उतरल्यावर तिनं विचारलं, इथं दूध कुठं मिळतं.”

“हे स्वप्न नाही,” शिशिर म्हणाला. “हे शिफ्टिंग आहे.”

“विमान पिवळं होतं.”

“हत्ती गुरूचं वाहन आहे. विमान कोणाचं आहे?”

“सरकारचं,” नलिनीबाई म्हणाल्या आणि पाटवडी तोंडात टाकली.

शिशिरनं मोबाईल काढला. “ऐका. पुष्कराजानं राग शांत होतो. अन्नात विष असेल तर त्याचा रंग बदलतो. आणि हे बघा, उकळत्या पाण्यात टाकला तर पाणी एका क्षणात गार होतं, असं जुने लोक मानायचे.”

“मग तपासून घेऊ,” सुबोध म्हणाला. त्याला हे पटलं, कारण त्यात थर्मामीटर लागणार होता. “रेवा आली की पातेलं ठेवू. ज्याच्या हातून टाकल्यावर पाणी जास्त गार...”

“उकळायचा नाही,” नलिनीबाई पटकन म्हणाल्या. “मऊ पडतो.”

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

“आई, दगड मऊ पडतो?”

“तेज मऊ पडतं,” त्या म्हणाल्या. “वाढा गं शिरा.”

तेवढ्यात गेटशी स्कूटी थांबली.

*

रेवा हेल्मेट काढत आत आली. छत्तीस तासांच्या ड्यूटीनंतर माणूस जसा दिसतो तशी ती दिसत होती. तिनं बॅगेतून लघवीच्या नमुन्याची प्लास्टिकची डबी काढली आणि ढोकळ्याशेजारी ठेवली. डबीवर लेबल होतं: ‘आजी. पुखराज. रूम टेम्परेचर.’

“डबी नई है,” ती म्हणाली. “आजी, सॉरी, एक प्रॉब्लेम हो गई.”

डबीत पुरचुंडी होती. पुरचुंडी फुगली होती. आणि शिवणीतून अर्धा इंच लांब, पांढरं, किंचित वाकडं शेपूट बाहेर आलं होतं.

सुबोधनं पेनाच्या टोकानं डबी जवळ ओढली.

“हे काय आहे?” सुबोधनं विचारलं.

“काका, मुझे क्या पता? जिऑलॉजी नहीं पढ़ी मैंने.”

“तू केलंस काय?”

“जो आजी ने बोला था. सोमवार रात को पानी में डाला. डालते ही वॉर्ड से कॉल आ गई. अगले दिन शाम को याद आया कि ग्लास में पड़ा है. फिर गीला ही तकिए के नीचे रख दिया. फिर तकिया गीला होने लगा तो डबी में.”

शिशिर उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. “जिवंत आहे,” तो म्हणाला. “चार पिढ्यांचा खडा. जिवंत आहे.”

“दादा, दगडाला मोड येत नाहीत.”

“साध्या दगडाला येत नाहीत.”

चित्रा दर शनिवारी रात्री कडधान्य भिजत घालायची. एकतीस वर्षांचे शनिवार झाले होते. ती वाकली, तिनं चष्मा वर केला आणि शेपटाकडे नीट पाहिलं.

“हा हरभरा आहे,” ती म्हणाली.

*

आता बोलावं लागणार, हे नलिनीबाईंना कळलं. पण आधी त्यांनी ढोकळा संपवला. बेचाळीस वर्षं थांबलेल्या गोष्टीला एका ढोकळ्यानं काही फरक पडत नव्हता.

“सासूबाई त्र्याऐंशी साली गेल्या,” त्या म्हणाल्या. “जायच्या आदल्या दिवशी पुरचुंडी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, उसवू नको. मी त्याच रात्री उसवली.”

“आई,” शिशिर म्हणाला.

“काय आई? तू नसती उसवली? आत हरभरा होता. त्याला कीड लागलेली. मी दोन दिवस रडली. पहिल्या दिवशी वाटलं, सासूबाईनं मला फसवलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, तिच्या सासूनं तिला फसवलं असंल. खरा खडा कधी होता का नव्हता, कोणाला माहीत बाप्पा. मग मी डब्यातला एक चांगला बघून टाकला आणि शिवून घेतलं. तेव्हापासून दर दोन वर्षांनी गुरुपौर्णिमेला बदलते. चणा गुरूचंच धान्य आहे. रंग पिवळा. चोच आहे त्याला. आणि तुमचा तो सराफ म्हणतो ना, ठोका बसला की दोन फाका? याची तर डाळच होते.”

सराफाचं आईंना कसं कळलं, या विचारानं ईश्वरी गार झाली. स्वयंपाकघराचं दार अर्धंच लोटलं होतं, हे तिला आठवलं.

“मी बारावीला उशीखाली ठेवला होता,” शिशिर म्हणाला. त्याचे हात अजून जोडलेलेच होते.

“मग? पास झाला ना?”

“दुसऱ्या वेळी.”

“त्या वर्षी नवीन टाकला होता.”

सुबोधनं पेन खाली ठेवलं. “पहिल्या सोलोच्या आधी तू मला पाठवला होतास. रजिस्टर्ड पोस्टानं.”

“हो.”

“मी तो खिशात ठेवून एकटा वर गेलो होतो. उतरल्यावर खिशातून हातच बाहेर काढवेना. मूठ इतकी घट्ट झाली होती.” त्यानं डबीकडे पाहिलं. “हरभरा?”

“निवडून पाठवला होता,” नलिनीबाई म्हणाल्या. “अर्धा किलोतून. पोस्टात टाकला आणि तुझी तार येईपर्यंत मी जेवली नाही.”

रेवानं शिऱ्याची वाटी ओढून खायला सुरुवात केली, कारण तिनं काल दुपारपासून काही खाल्लं नव्हतं.

“मग या नऊ रात्री कशाला?” शेवटी शिशिरनं विचारलं.

“सोपं आहे. तीन रात्री पाण्यात बुडवला तर हरभरा फुगते. तू परत आणून दिला तेव्हा कोरडा ठक्क. सुबोधनं दिला तेव्हाही कोरडा ठक्क.” त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “हत्ती कुठून आला मग?”

“लॉकरमधून,” चित्रा म्हणाली.

“ट्रंक नंबर चौदा,” ईश्वरी म्हणाली.

दोन्ही भावांनी आपापल्या बायकोकडे पाहिलं. बायका एकमेकींकडे बघत होत्या.

“आणि तुला गं?” नलिनीबाईंनी नातीला विचारलं. “स्वप्न?”

“कुछ नहीं आया, आजी. सोई कब मैं?”

“बघा,” नलिनीबाई म्हणाल्या. “एवढी एकटी खरं बोलून राहिली. सुबोध, लिही.”

सुबोधला लिहावंच लागलं. कागद त्याचा, ‘बंधनकारक’ हा शब्दही त्याचाच. ‘लाभला: रेवा,’ त्यानं लिहिलं आणि खाली रेघ मारली. मग त्याच्या ध्यानात आलं.

“म्हणजे आई रेवाकडे राहणार.”

“मेरे पास? काका, हॉस्टेल में चार लड़कियाँ हैं एक रूम में. आजी अलाउड नहीं है.”

“माझ्या हातात काय आहे आता?” नलिनीबाई म्हणाल्या. “सही केली आहे सगळ्यांनी. पुष्कराज जिथं, आई तिथं. पुष्कराज कुठं ठेवायचा, ते ज्याचा त्यानं सांगावं.”

एवढं बोलून त्या लिंबाची फोड पिळायला लागल्या. पिळून झालेलीच फोड त्या परत पिळत होत्या, हे फक्त रेवाला दिसलं.

*

रेवानं मागच्या खोलीकडे पाहिलं. आजोबांचं टेबल, जाळीचं दार, दारापलीकडे कढीपत्ता. हॉस्टेलातल्या खोलीत एक मुलगी पहाटे चारपासून मोठ्यानं फार्माकॉलॉजी वाचायची. पण रेवाला आत्ता ती आठवली नाही. आठवली ती मार्चमधली दुपार. त्या चार तासांत ती दोन सेक्टर पलीकडे, अनोळखी म्हाताऱ्यांचं ब्लड प्रेशर घेत उभी होती. एकूण तेवीस म्हातारे. आपल्या आजीचं नाव त्या यादीत नव्हतं.

घरात सगळे तिच्याशी मराठीत बोलायचे आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. लहानपणापासून तसंच चालत आलं होतं.

“मी इथं राहायला येते,” ती म्हणाली. “मागच्या खोलीत.”

नलिनीबाईंनी लिंबाची फोड खाली ठेवली.

“आणि तुझी छत्तीस तासांची ड्यूटी?” सुबोधनं विचारलं. हा प्रश्न खरा होता आणि त्याला कोणी हसलं नाही.

“तेव्हा मी येईन,” चित्रा म्हणाली. “खरडहून एक बस आहे. हत्ती नसला तर वेळेवर येते.”

“मी वर्षातून दोन महिने,” ईश्वरी म्हणाली. “फक्त जानेवारी नको. इथला जानेवारी मी तीन वर्षं पाहिलाय.”

“आणि कढीपत्ता तोडायला जाताना मोबाईल गळ्यात,” शिशिर म्हणाला. त्या दिवशी ते चार तास त्याचा फोन सायलेंटवर होता; आईजवळ मोबाईल असता तरी त्याला कळलं नसतं. हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि आजही सांगितलं नाही. “रिंग मी ठेवीन. मोठी. मीटिंग असली तरी.”

“गळ्यात कशाला? मी काय गाय आहे?” नलिनीबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, “बरं.”

सुबोधनं नवा कागद घेऊन ड्यूटी रोस्टर आखायला घेतलं. सामानाच्या यादीतलं शेवटचं नाव त्यानं पट्टी धरून सरळ रेघेनं खोडलं. मग रोस्टरमध्ये ‘राखीव’ असा एक रकाना काढून त्यात स्वतःचं नाव लिहिलं. ‘दिवाळी ते तुळशीचं लग्न,’ त्यानं पुढे लिहिलं आणि ते कोणाला वाचून दाखवलं नाही.

जेवणं झाल्यावर मोड आलेला हरभरा रेवानं कुंडीत लावला. ऑगस्टात हरभरा लावत नाहीत, असं चित्रानं सांगितलं. कुंडीला ते कोण सांगणार, असं नलिनीबाई म्हणाल्या आणि नव्या पुरचुंडीसाठी मलमलीचा तुकडा घेऊन बसल्या.

“काबुली चलेगा?” रेवानं विचारलं.

“काबुली नाही. गुरू देशी आहे.”

रेवानं फोनमध्ये दोन वर्षांनंतरच्या गुरुपौर्णिमेचा रिमाइंडर लावला. तेवढ्यात सुबोध येऊन शेजारी उभा राहिला. त्यानं आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग घड्याळाकडे.

“शनिवारी ट्रक निघतो,” तो म्हणाला. “एक जास्तीची शिवशील? ट्रंकेत नाही ठेवणार. खिशात.”

“दोन,” दारातून शिशिर म्हणाला.

नलिनीबाईंनी चण्याचा डबा ताटात उपडा केला. दोघं भाऊ ताटाशी मांडी घालून बसले आणि एकेक दाणा उजेडात धरून बघायला लागले. याला चोच नाही, याला डाग आहे, हा जरा हलका वाटतो. शिशिरनं एक उचलला आणि तेज याचंच जास्त आहे, असं म्हणाला. सुबोधचा त्यावर आधीपासून डोळा होता. दादानं आपलं हत्तीवर समाधान मानावं, असं तो म्हणाला. शिशिरनं मूठ बंद केली.

“आजी,” रेवा म्हणाली, “डब्यात किलोभर आहे.”

“असू दे,” नलिनीबाई म्हणाल्या आणि सुई तिच्याकडे दिली. “भांडू दे त्यांना. तू दोरा ओव.”